रक्ताचा हिशेब

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने कॅन्सरच्या संशोधनावर लेख लिहावा, हे वाचकांना जरा विचित्रच वाटेल. विज्ञान शाखेचे मित्र तर हसतीलच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात ‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ एवढे वाक्य पाठ केले होते. त्यापुढे मी गेलो तो डेबिट-क्रेडिटच्या गल्लीत. पण गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या माझ्या मामाला रक्ताचा कॅन्सर झाला, आणि त्या सैनिकांची पुन्हा चौकशी करणे भाग पडले.

आजाराचे निदान झाल्यावर आठवड्याभरातच धाकटा मामा वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन घरी आला. मजकूर खरा होता. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचे, त्यांची संख्या वाढवायची आणि परत त्याच रुग्णाला चढवायच्या. या उपचाराला ‘कार-टी’ म्हणतात. २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड नावाच्या लहान मुलीवर तो झाला. औषध लागू पडले, पण शरीरात असे वादळ उठले की मुलगी दगावते की काय अशी वेळ आली. तिला वाचवले ते संधिवाताच्या एका औषधाने. संशोधकांचे प्रमुख कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता, म्हणून ते औषध त्यांना ठाऊक होते! २०१७ साली अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तीन कोटींहून अधिक रुपये.

आपल्याकडे हे काम मुंबईत झाले. परदेशात पोस्ट-डॉक्टरेट संशोधन करून परतलेले आय.आय.टी.चे डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून ते केले. जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. किंमत परदेशाच्या साधारण एक-दशांश, चाळीस लाखांच्या आसपास.

हा आकडा ऐकून आमच्या घरातले लोक गप्प झाले. मी मात्र वही काढली. कॉस्टिंगच्या पेपरात ‘जॉब कॉस्टिंग’ शिकवतात: प्रत्येक ऑर्डर वेगळी, तिचा खर्च वेगळा. हे औषध तसेच आहे. एका रुग्णाच्या पेशी दुसऱ्याला चालत नाहीत. गोळ्यांसारखा साठा करून कपाटात ठेवता येत नाही. प्रत्येक माणूस म्हणजे एक स्वतंत्र कारखाना. मग स्वस्त होणार कसे? खर्चाची एकेक बाब इथे तयार करून, इथलीच माणसे कामाला लावून. परीक्षेत असा प्रश्न आला तर मी दहापैकी नऊ गुण घेईन. पण तेव्हा धाकट्या मामाने रस्त्याकडेच्या शेताचे गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती.

त्याला थांबवले ते आमच्या शेजारच्या अक्काने. तिचे घर कन्नड, आमचे मराठी. मधली भिंत एकच. तिने बेळगावात बी.एस्सी. केले, बेंगळूरला पीएच.डी. केली, आणि आता ती जर्मनीत पोस्ट-डॉक आहे. पोस्ट-डॉक म्हणजे काय हे तिच्या आईलाही नीट सांगता येत नाही. डॉक्टर झाली, पण नोकरी कायम नाही. दोन-दोन वर्षांचा करार. तिची आजी दर फोनला विचारते, “इन्नू ओदु मुगिलिल्लेनवा?” अजून शिकणं संपलं नाही का गं? वयाच्या तेहतिसाव्या वर्षी हा प्रश्न ऐकून घेणे सोपे नसावे.

अक्काने फोनवर रिपोर्ट पाहिले आणि अर्धे कन्नड, अर्धे मराठी असे मामालाच सांगितले. ते कात्रणातले औषध बी-पेशींच्या कॅन्सरसाठी आहे. त्या पेशींवर ‘सीडी-१९’ नावाची खूण असते. निरोगी बी-पेशींवरही ती असते, त्याही मरतात. पण बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो, प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. मामाचा कॅन्सर मायलॉइड जातीचा. त्याच्या पेशींवर ती खूणच नव्हती. ज्या खुणा होत्या, त्या अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या चांगल्या पेशींवरही असतात. त्यांना मारले तर रक्तच बनायचे नाही. “भातासारखंच दिसणारं तण आहे मामा, निंदणार कसं?”

मामा सातवी शिकलेला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हंजे भात नि तण दोन्ही उपटायचं, आनि दुसऱ्याच्या तरव्यातलं रोप आनून लावायचं. दुसरं काय?”

अक्का म्हणे खुर्चीतून उठलीच. कारण अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण ते हेच, ज्यासाठी १९९० साली डॉ. थॉमस यांना नोबेल मिळाले. नव्या मज्जेबरोबर दात्याच्या टी-पेशीही येतात आणि उरलासुरला कॅन्सर त्याच शोधून मारतात. अक्का ज्या विषयात काम करते तो याच्या पुढचा. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी मूळ पेशींवरची ‘सीडी-३३’ ही खूण आधीच पुसून टाकली. मग शिकवलेल्या टी-पेशी फक्त खूण असलेल्या कॅन्सरलाच मारतील. भाताला आधीच वेगळा रंग देऊन ठेवण्यासारखे!

आता प्रश्न दात्याचा. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मामाला भावंडे तीन. आमच्या बिझनेस स्टॅटिस्टिक्सप्रमाणे तिघांतले कोणीच न जुळण्याची शक्यता चौसष्टात सत्तावीस, म्हणजे निदान एक जुळण्याची जवळजवळ अठ्ठावन्न टक्के. हे गणित मी एरवी दोन मिनिटांत सोडवतो. त्या रात्री चार वेळा तपासले. मावशी जुळली नाही. धाकटा मामा जुळला नाही. आई जुळली.

पाच दिवस तिला इंजेक्शने दिली. हाडे ठणकतात म्हणायची, पण चुलीपाशी बसून भाकऱ्या थापतच होती. मग मुंबईला मशीनला लावून काही तास तिचे रक्त फिरवले आणि मूळ पेशी तेवढ्या वेगळ्या काढल्या. एवढी धडपड, आणि पिशवी पाहावी तर चहाच्या कपाएवढी. रस्त्याकडेचे वीस गुंठे गेलेच, पण ते यासाठी गेले.

मामाचा रक्तगट बी होता. आता आईचा, ओ आहे. त्याच्या रक्तपेशींतली गुणसूत्रेही आता बाईची आहेत, हे ऐकून मामी दोन दिवस हसत होती. भाऊबीजेला ओवाळणी काय घालायची यावर त्यांचा वाद झाला तो वेगळाच. अंगावर मधूनमधून चट्टे उठतात. आईच्या टी-पेशी मामाच्या कातडीलाही परकी समजतात, त्याच्या गोळ्या चालू आहेत. दर महिन्याला तपासणी असते आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

अक्काचा करार येत्या मार्चला संपतो. पुढे वाढेल की नाही, ते तिच्या उंदरांवर अवलंबून आहे. त्यांच्यात खूण पुसलेल्या पेशी टिकल्या तर निबंध छापून येईल, निबंध आला तर पैसे मिळतील. मामाला हे सगळे माहीत आहे. फोन केला की माझ्या परीक्षेचे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, “आक्काची उंदरं कशी हाईत रे?”