शब्द ओठांशी अडतो तेव्हा

वाचकहो, पक्षाघातातून उठलेला माणूस तुमच्यापैकी पुष्कळांनी जवळून पाहिला असेल. कधी कधी असे होते की, त्याला समोरच्याचे सारे कळते, काय म्हणायचे ते मनात ठरलेले असते, ओठ आणि जीभही लुळी पडलेली नसतात. तरी 'चहा' म्हणावयास जावे आणि तोंडातून भलतेच काही निघावे. मेंदूकडून स्नायूंना जाणारा हालचालींचा आराखडाच विस्कटलेला असतो. वाचेच्या या अडचणीस अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. हीच अडचण काही मुलांना अगदी लहानपणापासून, डोक्याला कोणतीही इजा झालेली नसताना असते, हे वैद्यकी करू लागून पंचवीस वर्षे झाली तरी मला नीटसे उमगले नव्हते. माझ्या या अज्ञानाचा भुर्दंड एका मुलाला पडला.

कऱ्हाडजवळच्या एका गावी माझा दवाखाना आहे. एक आजी अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलगा व सून दोघेही कारखान्यात पाळीने कामाला जात, त्यामुळे पोर दिवसभर आजी-आजोबांच्या हाती. "डॉक्टरीणबाई, सगळं समजतंय ह्याला, पण बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. मी मुलाला चेंडू आणावयास सांगितले, त्याने आणला. मी हसून म्हटले, "आजी, मुलगे जरा उशिराच बोलतात. याचा बाप कधी बोलला? तिसऱ्या वर्षी ना? मग वाट पाहा."

त्यांनी वाट पाहिली. दीड वर्ष पाहिली. त्या काळात वेखंड उगाळून झाले, पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालून झाला, जिभेखालचा पडदा कापून घ्या असे सांगणारेही भेटले. मग एका संध्याकाळी मांजराने दुधाचे भांडे पाडले आणि पोर एकदम स्वच्छ म्हणाले, "आजी!" घरात आनंदीआनंद. लगेच त्याला पुन्हा म्हणावयास सांगितले. त्याचा जबडा चाचपडला, ओठ एकदा मिटले, एकदा पसरले, पण आवाज उमटेना. "येतंय की ह्याला, मुद्दाम करतंय," असे म्हणून वडिलांनी त्याच्या थोबाडीत मारली.

हे सांगताना आजी माझ्यासमोर रडल्या. मुलाकडे बघण्याचे धैर्य मला होत नव्हते.

सहज उमटलेला शब्द मागितल्यावर न येणे, हेच तर या विकाराचे एक लक्षण. तोच मुलगा 'पाणी' एकदा 'मानी', एकदा 'आई', एकदा 'पाऊ' असे म्हणे. चूकही दर वेळी निराळी आणि स्वरांतही चूक. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच अडखळणे, शब्दाची लय हरवणे हेही असते. हट्ट, आळस, लाड यांचा याच्याशी संबंध नाही. क्वचित काही कुटुंबांत तो जनुकांतून येतो. इंग्लंडमधील एका घराण्याच्या तीन पिढ्यांत निम्म्या माणसांना तो होता आणि २००१ साली त्यास जबाबदार असलेले जनुक सापडले. बहुतेक मुलांत मात्र कारण हाती लागत नाही.

आधी श्रवणचाचणी करविली, ती ठीक आली. मग वाक्-उपचारतज्ज्ञ बाईंनी दोन-तीन भेटींत निदान केले. त्यांनी आठवड्यातून दोनदा बोलावले. उरलेले सारे घरी, म्हणजे आजी-आजोबांनी करावयाचे. तुमच्याही घरी असे पोर असेल, तर हे घरचे काम कसे चालले ते तुम्हाला उपयोगी पडेल.

बाईंनी प्रथम पाचच शब्द निवडले, रोज लागणारे: 'जा', 'ये', 'दे', 'आजी', 'पाणी'. आजी पाटावर बसू शकत नसत, गुडघे धरलेले; म्हणून त्या खुर्चीवर आणि मुलगा समोर उंच स्टुलावर, म्हणजे दोघांची तोंडे एका पातळीत. शेजारी आरसा. शब्द संथपणे दोघांनी एकत्र म्हणावयाचा. जमू लागला की आजींनी नुसते ओठ हलवायचे. मग मुलाने एकट्याने. 'प'साठी आजी आपल्या बोटांनी त्याचे ओठ अलगद मिटवीत. अशा प्रकारे कान, डोळे आणि स्पर्श तिन्ही मार्गांनी एकच खूण मेंदूत जाते. एका वेळी पाच मिनिटांहून अधिक नाही. मात्र दिवसातून सहा-सात वेळा.

झोपाळा आजोबांकडे. झोका धरून ठेवावयाचा, त्याच्या तोंडाकडे बघत थांबावयाचे, 'जा' असा प्रयत्न झाला की सोडावयाचा. प्रयत्न पुरे, शब्द बिनचूक नसला तरी चालेल, आणि काहीच उमटले नाही तरी थोड्या वेळाने झोका द्यावयाचाच. परातीत रवा पसरून त्यात बोट फिरवीत 'ये', कणीक मळताना तालावर 'दे-दे-दे', उशा रचून त्यांवरून लोळणे, भाजीची छोटी पिशवी ओढत आणणे, अशा खेळांनी अंग जागे होते आणि चंचल मूल बसावयास तयार होते.

पण येथे माझे मत स्पष्ट सांगते. हे संवेदनांचे खेळ म्हणजे उपचाराची पूर्वतयारी. अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी १९७२च्या आपल्या पुस्तकात संवेदना-समन्वयाचा विचार मांडला. त्याचा लाभ काही मुलांना होतो, परंतु अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०१२ साली त्यास पुरावा मर्यादित असल्याचे नमूद केले आहे. नुसता झोका खेळून वाचा येत नाही, ती शब्दांच्या सरावानेच येते. शिट्ट्या, फुगे, नळीने फुंकर यांचेही तसेच: गंमत म्हणून ठीक. या कुटुंबाला कोणीतरी महागडा 'सेन्सरी' संच विकावयास आला होता. आजोबांनी तो परत पाठविला आणि धान्याची परात पुढे ओढली, हे मला फार आवडले. (लहान मुलाजवळ वाटाणे, शेंगदाणे, मणी मात्र नको, घशात जातात. आणि ज्याचा स्पर्श मुलाला सोसत नाही, ते बळेच हातात देऊ नका.)

एक गोष्ट मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हती. आजोबा तक्रार करीत, "पोरगं नुसतं पुटपुटतंय, बोलत न्हाई." मी त्यांच्याच कानांची तपासणी करविली. ते दोन्ही कानांनी कमी ऐकत होते! मुलाचे हळू, अर्धवट प्रयत्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. श्रवणयंत्र बसल्यावर पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "बाई, हा कधीपास्नं 'ये' म्हणतोय?"

'आधी बोल, मग पाणी देईन' ही अट आम्ही घरातून काढून टाकली. तहानलेल्या मुलाकडून शब्द पिळून काढावयाचा नसतो. खुणा व चित्रे खुशाल वापरू दिली. खुणांमुळे वाचा मागे पडते हा समज खरा नाही. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव बरं' हे तर अगदी बंद. वडिलांना मी वेगळे बोलावून सगळे समजावले. ते बराच वेळ खाली मान घालून बसले होते.

तुमचे नातवंड सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊनही स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर माझ्यासारखा कोणी 'वाट पाहा' म्हणाला तरी ऐकू नका. श्रवणचाचणी व वाक्-तज्ज्ञांची भेट मागून घ्या. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली आहेत. तेथे अशा मुलांची तपासणी विनामूल्य होते. अंगणवाडीताईंकडेही विचारता येईल.

मुलगा आता सात वर्षांचा आहे. 'ळ' अजून 'ल' होतो, लांब वाक्य मध्येच तुटते, शाळेत मुले चिडवतात. गेल्या महिन्यात तापाने आजारी म्हणून आजी त्याला घेऊन आल्या. "काय दुखतंय रे?" मी विचारले. त्याचे ओठ हलू लागले. आजींनी उत्तर द्यावयास तोंड उघडले आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. बाहेर सात-आठ रुग्ण खोळंबले होते. मी लेखणी खाली ठेवली.

"घ... घसा," तो म्हणाला.