हवेपुरते पेट्रोल

माझा भाचा मेलबर्नला असतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्याने एक जुनी मोटार घेतली, माझदा आरएक्स-८, आणि पुढच्याच रविवारी आमच्या घाटकोपरच्या घरी व्हिडिओ कॉल लावून ती अण्णांना दाखवली. अण्णा म्हणजे माझे वडील. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात ते फिटर होते. तिथली नोकरी संपल्यावर बरीच वर्षे लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी काम केले. आता वय ऐंशीच्या पुढे आहे. गुडघे साथ देत नाहीत, पण कान शाबूत आहेत. नातवाने बॉनेट उघडून इंजिन चालू केले तेव्हा ते पडद्याकडे न पाहता डोळे मिटून ऐकत होते.

"आजोबा, यात मोठे इंजेक्टर बसवायचेत. जास्त पेट्रोल, जास्त पॉवर," भाचा म्हणाला.

अण्णांनी डोळे उघडले. "आणि हवा कुठनं आणणार?"

मी शेजारी बसून विद्यार्थ्यांचे निबंध तपासत होतो. मुलुंडच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, आणि इंजिनांशी माझा संबंध तसा बेताचाच. तरीही अण्णांचा तो प्रश्न त्या आठवड्यात मला सोडीना, म्हणून थोडे वाचले, थोडे त्यांना विचारले.

त्या मोटारीचे इंजिन आपल्या नेहमीच्या इंजिनांसारखे नाही. त्यात वर-खाली होणारे पिस्टन नाहीत. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर लांबट पोकळीत फिरतो, आणि त्याच्या तीन बाजू हवा ओढणे, दाबणे, जाळणे, बाहेर टाकणे ही कामे पाळीपाळीने करीत राहतात. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते. १९५७ साली एनएसयू या जर्मन कंपनीत त्याचा पहिला नमुना चालला. पुढे जपानच्या माझदाने १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही मोटार काढली आणि इतरांनी नाद सोडल्यावरही या इंजिनाचा पिच्छा सोडला नाही. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर आहेत, प्रत्येकी ६५४ सीसीचे. टर्बो नाही. अशा इंजिनाला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात. म्हणजे बाहेरून कोणी हवा कोंबत नाही, ते स्वतःच्या ओढीने जेवढा श्वास घेईल तेवढाच त्याचा.

आता पेट्रोल पूर्ण जळायचे तर वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. जोर हवा असेल तेव्हा पेट्रोल थोडे जास्त चालते, पण थोडेच. इंजेक्टर ही एक झडप आहे. संगणक ती काही सहस्रांश सेकंद उघडतो आणि मिटतो. मिनिटाला ९००० फेरे असताना शाफ्टचा एक फेरा साडेसहा सहस्रांश सेकंदांच्या आसपास संपतो, आणि दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये एकदा ज्वलन होते. त्यामुळे पेट्रोल द्यायला मिळणारा वेळ फार थोडा. मोठा इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल देतो. पण हवा तितकीच राहिली, तर धुराड्यातल्या सेन्सरला उरलेला प्राणवायू कमी दिसतो, संगणक झडप लवकर मिटू लागतो, आणि आपण पैसे खर्चून होतो तिथेच येतो. संगणकाच्या आवाक्याबाहेर गेले तर पेट्रोल न जळता बाहेर पडते. त्यात या इंजिनाचे एक नाजूक दुखणे आहे. रोटरच्या तीन टोकांना बारीक पट्ट्या असतात; त्या आतल्या भिंतीला सतत घासतात आणि तेलाच्या पातळ थरावर तगून राहतात. जास्तीचे पेट्रोल तो थर धुऊन टाकते. पट्ट्या झिजतात, दाब निसटतो, आणि जोर वाढवायला निघालेला माणूस होता तो जोरही घालवून बसतो.

हे समजून घेताना मला १९९३ साल आठवले. मी जुनी आरएक्स १०० घेतली होती. ९८ सीसीची, तरुण मुलांचा जीव की प्राण. कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट घातला की गाडी उडते, असे कोणीतरी सांगितले. अण्णा रागावतील असे वाटले होते. पण त्यांनी स्वतःच जेट आणून दिला. "घाल. आठ दिवस चालव. मग प्लग काढून आण." आठ दिवसांत पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज गेले, आणि नवव्या दिवशी काढलेला प्लग काजळीने काळा ठिक्कर होता. अण्णांनी तो बोटावर घासला, माझ्या तळहातावर काळी रेघ ओढली आणि जेवायला बसले. एक शब्द बोलले नाहीत.

असो. त्या रविवारी माझ्या हातात जो निबंध होता तो एका विद्यार्थिनीने ग्रामीण कथेवर लिहिलेला होता. बारा पाने. परात्मता, परिघ, वर्चस्व, संहितेची बहुस्तरीयता. दर दोन ओळींना एक संज्ञा. मूळ कथा मात्र त्यात दोनदाच आली होती, तीही नावापुरती. मी समासात लाल शाईने 'संज्ञांचा अतिरेक' असे लिहिले, आणि लिहितानाच लक्षात आले की यातल्या निम्म्या संज्ञा माझ्याच टिपणांतल्या आहेत. मागच्या परीक्षेत त्यांनाच मी गुण दिले होते.

सोमवारी तिला बोलावले आणि कथेतले काय लक्षात राहिले ते विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, कथेतली सासू सुनेला पाणी देताना तांब्या हातात देत नाही, खाली ठेवते. तिची आजीही तिच्या आईला तसेच देत असे. कथा वाचेपर्यंत आपण ते पाहिले होते हेच तिच्या ध्यानात आले नव्हते. बारा पानांत याचा मागमूस नव्हता. मी का म्हणून विचारले, तर म्हणाली, "ते लिहायचं असतं का, सर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वीस वर्षे शिकवताना मी मोठे इंजेक्टर वाटत आलो होतो. वाचणाऱ्याचा श्वास किती आहे, तो वाढतो कसा, याची चौकशी मी केली नव्हती.

सिद्धांतच नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अण्णाही मोठ्या इंजेक्टरचे वैरी नाहीत. १९९१ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी या मोटारीने जिंकली. चार रोटर, टर्बो नाही, आणि तरी सुमारे ७०० अश्वशक्ती. तिथे हवा आत नेणाऱ्या नळ्यांची लांबी फेऱ्यांच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त होत असे. श्वास वाढवला होता, म्हणून इंधन वाढवता आले. इंधनच बदलले तरी हिशेब बदलतो. शुद्ध इथेनॉलला सुमारे नऊ भागच हवा पुरते, म्हणून तेवढ्याच हवेत ते जास्त लागते; इथेनॉलच जास्त असलेल्या इंधनावर गाडी चालवायची तर मोठा इंजेक्टर ही गरज ठरते. मराठीतही असे घडले आहे. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आला, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली. ते वाचायला जुन्या सौंदर्यविचाराची परिभाषा अपुरी पडली, आणि समीक्षेला नवी भाषा शोधावी लागली. पण तिथे आधी साहित्य बदलले होते. माझ्या वर्गात संज्ञा आधी येत होत्या आणि कथा मागाहून, जमल्यास.

अण्णांनी नातवाला एवढेच सांगितले की आधी आहेत ते इंजेक्टर पूर्ण जोरात किती वेळ उघडे राहतात ते मोज. त्याने मोजले. ते अजून मर्यादेपासून बरेच दूर होते. त्याने हवेचा फिल्टर बदलला, इंजिनाचा दाब तपासून घेतला. मागवलेले मोठे इंजेक्टर खोक्यातच आहेत. ते विकायला मात्र तो तयार नाही.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहून आणला. सात पाने. तांब्या पहिल्याच परिच्छेदात आहे. 'वर्चस्व' हा शब्द एकदा येतो, पाचव्या पानावर, आणि तिथे तो काढता येत नाही. मी काढून पाहिला. आता पुढच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका काढायची आहे. जुन्या मसुद्यात 'अमुक सिद्धांताच्या आधारे चर्चा करा' हा सोळा गुणांचा प्रश्न अजून तसाच आहे. तो खोडावा की त्याच्या आधी दुसरा एखादा प्रश्न घालावा, हे ठरत नाही. कागद टेबलावर पडून आहे, आणि आतल्या खोलीत अण्णा नातवाच्या फोनची वाट पाहत आहेत.