ठिपक्याठिपक्यांनी मेणवलीचा घाट

आपल्याला वेळ मिळत नाही असं नाही. तो सलग मिळत नाही. भात शिजेपर्यंतची पंधरा मिनिटं, मुलं क्लासहून येईपर्यंतचा अर्धा तास, असे त्याचे तुकडे असतात. जलरंगात आभाळ रंगवायला घ्यावं, तर कागद ओला आहे तोवर हात थांबवून चालत नाही. आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते. शाळेत ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या मी लग्नानंतर बारा वर्षं ब्रश हाती धरला नाही, तो यामुळेच.

मी सकाळी चार तास एका शाळेत मराठी शिकवते. तिथल्या चित्रकलेच्या बाईंनी गेल्या वर्षी मला ठिपक्यांची पद्धत दाखवली. रंग एकमेकांत कालवायचे नाहीत. ठिपके शेजारी-शेजारी द्यायचे. ते मिसळण्याचं काम लांबून पाहणाऱ्याचे डोळे करतात. फ्रान्समधल्या जॉर्ज सेरा या चित्रकाराने १८८४ ते १८८६ या काळात सेन नदीतल्या एका बेटावरची रविवारची दुपार रंगवली. सुमारे दोन मीटर उंच नि तीन मीटर रुंद असं ते चित्र आज शिकागोच्या संग्रहालयात आहे. त्याच्याआधी शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने, पॅरिसच्या गालिचे विणण्याच्या कारखान्यात काम करताना, शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो हे दाखवून दिलं होतं. साडीवर ब्लाउज लावून पाहताना आपणही तेच तर बघतो!

चित्रासाठी मी मेणवलीचा घाट निवडला. वाईजवळचं मेणवली हे सासूबाईंचं माहेर. नाना फडणविसांनी कृष्णेकाठी बांधलेल्या त्या घाटावर त्यांचं बालपण गेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली. आता त्या पायऱ्या उतरणं त्यांना शक्य नाही. माझं टेबल त्यांच्याच खोलीत. "घरात आजारी माणूस आणि ही रंग घेऊन बसलीय," असं एक नातेवाईक बाई म्हणाल्याच. मी उत्तर दिलं नाही. पण टेबलही हलवलं नाही.

जाड कागदावर पेन्सिलीने फिकट रेषा आखल्या. पोस्टर कलर औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत काढले. दोन नंबरचा गोल ब्रश उभा धरून ठिपके दिले. लांबच्या डोंगराला बारीक, फिकट निळे-जांभळे. जवळच्या पायऱ्यांना मोठे. झाडांसाठी नुसते पिवळे नि निळे ठिपके पुरत नाहीत, लांबून ते करडे दिसतात. मूळ ठिपके हिरवेच हवेत. उन्हाच्या बाजूला त्यांत पिवळे, सावलीत निळे. काळ्या दगडाला काळा रंग लावलाच नाही. निळा, जांभळा, तपकिरी आणि ऊन पडेल तिथं थोडा नारिंगी, एवढ्यावर दगड उभा राहिला. मध्येच उठावं लागलं तरी बिघडत नव्हतं. पुढचा ठिपका दुसऱ्या दिवशी दिला तरी जोड दिसत नाही.

कागदाला नाक लावून बसलेल्या मला नुसती नाचणी सांडल्यासारखी दिसायची. कॉटवरून, दहा फुटांवरून, सासूबाईंना मात्र घाट दिसत होता.

"पाण्याजवळची पायरी कोरडीच वाटतेय गं," त्या म्हणायच्या.

मी फिकट निळे, पांढरे ठिपके वाढवायची. "आता, आई?"

"हं. आता पाय घसरेल."

कुठल्या पायरीवर धुणं आपटायचं, पाणी कुठपर्यंत चढायचं, हे बारा वर्षांत त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. चित्राला साडेतीन महिने लागले. तेवढे दिवस आम्हा दोघींना औषधांच्या वेळांखेरीज बोलायला काहीतरी होतं.

कुणाला करून पाहायचं असेल, तर पोस्टकार्डाएवढा कागद, लाल, पिवळा, निळा, हिरवा आणि पांढरा एवढे रंग पुरेत. एका रंगाचे ठिपके वाळल्यावरच दुसरा घ्यावा. ठिपक्यांमधून कागद थोडा कोरा राहू द्यावा, उजेड त्यातून येतो. अधूनमधून चित्र भिंतीला टेकवून आठ-दहा फूट मागं जाऊन पाहावं. आणि घरात लांबून पाहणारं कुणी असेल, तर त्यांना विचारावं.