पोचा पडलेलें ताट

आमच्या घरांत स्टीलचें एक ताट आहे. त्याच्या कांठाशीं चांगला ठळक पोचा पडलेला असल्यामुळें तें पाहुण्यांपुढें मांडतां येत नाहीं. तें मोडींत घालावें असा आमच्या मंडळींचा आग्रह कित्येक वर्षें चालू आहे. आणि एरवीं गृहकृत्यांत तोंड न घालणारा मी एवढ्या एकाच बाबतींत हट्ट धरून बसलों आहें.

तो पोचा माझ्याच हातचा आहे. 22 मार्च 2020 रोजीं संध्याकाळीं 5 वाजतां, करोनाच्या साथींत रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांचे आभार मानण्यासाठीं लोक गॅलऱ्यांत उभे राहिले, तेव्हां मींही पळीनें तें ताट बडविलें. माझा उत्साह शेजाऱ्यांपेक्षां कांकणभर अधिकच होता. कारण माझी भाची पुण्यांतल्याच एका रुग्णालयांत परिचारिका आहे.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत, पुण्यांत साथ ऐन भरांत असतांना, एका रात्रीं तिचा फोन आला. तिच्या वॉर्डांत एक गृहस्थ शेवटच्या घटका मोजीत होते. नातेवाइकांना आंत प्रवेश नव्हता, म्हणून हिनें फोन त्यांच्या कानाशीं धरला. पलीकडे त्यांची पत्नी बोलत होती. गृहस्थांचा श्वास थांबला, तरी बाई बोलतच होत्या; घरीं आल्यावर काय काय करूं तें सांगत होत्या. “मामा, मला तो फोन खालीं घेववेना,” ती म्हणाली. “चष्म्यावर वाफ धरलेली, डोळे पुसायचीसुद्धां सोय नाहीं. तेवढ्यांत पलीकडच्या खाटेवरून हाक आली अन् मी गेले. त्या बाईंना मी धड कांहीं सांगितलंही नाहीं.”

मी पडलों इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक. प्रत्येक प्रसंगाला साजेसे शब्द शोधण्याची मला खोड. मीं तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेलची गोष्ट ऐकविली. प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां 10 मार्च 1897 रोजीं देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांचें स्मरण दिलें. आणि शेवटीं “तूं योद्धा आहेस, योद्ध्यानें रडायचें नसतें,” असेंही बजावलें. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “बरं मामा, ठेवते.” त्यानंतर साथ ओसरेपर्यंत ती फोनवर माझ्या प्रकृतीची चौकशी करीत असे, स्वतःविषयीं तिनें अवाक्षर काढलें नाहीं.

एखाद्याला देव म्हटलें कीं नैवेद्य दाखवून मोकळें होतां येतें, आणि योद्धा म्हटलें कीं हार घालून. माणूस म्हटलें तर मात्र त्याच्याजवळ बसावें लागतें. 3 मे 2020 रोजीं रुग्णालयांवर हेलिकॉप्टरांतून फुलें उधळलीं गेलीं; आणि त्याच दिवसांत कित्येक डॉक्टरांना व परिचारिकांना घरमालकांनीं भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगितलें. त्यांच्यावरील हल्ले थांबविण्यासाठीं सरकारला 22 एप्रिलला वटहुकूम काढून 1897 च्याच साथरोग कायद्यांत दुरुस्ती करावी लागली व गंभीर दुखापतीबद्दल 7 वर्षांपर्यंत शिक्षा ठेवावी लागली. दगडापासून अंग वांचविणारा कायदा करतां येतो. कानाशीं धरलेल्या त्या फोनपासून मन कोणत्या कलमानें वांचवावें?

व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे या अमेरिकन मनोवैद्यानें ज्या दुखण्याविषयीं लिहिलें आहे, त्याला आपण ‘नैतिक जखम’ म्हणूं. आपण ज्याला योग्य मानतों त्याचाच घात झाला, तर ती होते. जें करावयास हवें होतें तें करतां आलें नाहीं, हा सलही पुढें तींतच गणला जाऊं लागला. पुढें हा शब्द रणांगणावरून रुग्णालयांत आला. तेव्हां भाचीला मीं योद्धा म्हटलें तें खोटें नव्हतें. योद्धे रडत नाहींत, हें मात्र साफ खोटें होतें.

गेल्या भाऊबीजेला ती आपल्या आईबरोबर आमच्याकडे आली. वाढण्याच्या गडबडींत नेमकें तेंच ताट तिच्यापुढें आलें. “मामा, ह्याला पोचा कसा पडला?” तिनें विचारलें. मीं सांगितलें. ती पोट धरून हंसली. मग मीं भीत भीत म्हटलें, “त्या बाईंना पुढें कोणी सांगितलें ग?”

तिचा हात घासावरच थांबला. त्यानंतर ती तासभर बोलत होती, मधून मधून रडत होती. मला दोनतीन उत्तम वचनें आठवलीं. परंतु तीं मीं गिळून टाकलीं. तिच्या ताटांतला भात केव्हांच निवून गेला होता.