लाल टोपण, केशरी टोपण

गणितापासून सुटका हवी म्हणून मी मासकॉम केलं. हजार शब्दांचा लेख सांगा, लोकलमध्ये उभ्याने लिहीन. पण हॉटेलचं बिल वाटून घ्यायची वेळ आली की मोबाइल मैत्रिणीच्या हातात!

मग ती पहाट आली. लालबागच्या आमच्या खोलीत आई घामाने डबडबलेली, मला ओळखतच नव्हती. शेजारच्या काकूंनी १०८ फिरवला. २०१४ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या या अ‍ॅम्ब्युलन्समधून डॉक्टर येतात. आमच्याकडे आलेला जेमतेम माझ्याच वयाचा. शुगर निघाली ३८. त्याने लगेच सुई लावली आणि सोबतच्या माणसाला मोठ्याने म्हणाला, "२५ टक्के, १०० एमएल. म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज."

थोड्या वेळाने आईने विचारलं, "एवढी माणसं का जमलीत गं?" माझे पायच गळाले.

"इन्सुलिन किती दिलं होतं?"

"१६ युनिट. नेहमीइतकंच."

त्याने बाटली पाहिली, मग वापरलेली सिरिंज. "ताई, बाटली नवीन, सिरिंज जुनी?"

अगदी तस्संच! जुन्या बाटलीत एका एमएलला ४० युनिट होते, नव्या बाटलीत १००. लाल टोपणाची सिरिंज ४०वाल्या बाटलीची, केशरी १००वालीची. लाल सिरिंजमध्ये १६च्या रेघेपर्यंत ०.४ एमएल औषध येतं. जुन्या बाटलीतून ते १६ युनिट, नव्या बाटलीतून ४०. अडीचपट डोस, आणि तो रात्री मीच टोचलेला.

हे इन्सुलिन दिवसभर काम करत राहतं, शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून आईला केईएमला नेलं. वाटेत मी विचारलं, "आकडे मोठ्याने का म्हणता?"

"माझं चुकलं तर याने पकडावं म्हणून. अ‍ॅड्रेनलिन एकास हजार असेल तर एका एमएलमध्ये १ मिलिग्रॅम. एकास दहा हजार असेल तर ०.१. घाईत एक शून्य हुकलं की डोस दहापट!"

आता फ्रिजवर चिठ्ठी आहे : बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. रोज रात्री दोन्ही आकडे मी मोठ्याने वाचते, आई ऐकते आणि मगच दंड पुढे करते.

"शाळेत पाढे असे म्हटले असतेस तर!" हे मात्र ती रोज ऐकवते.