गडाच्या पायऱ्या आणि लोकांची नजर

कळवण तालुक्यातील नांदुरीपासून वळणावळणांचा घाट चढून वाहन सप्तशृंग गडावरील गावापर्यंत पोहोचते. तेथून अष्टादशभुजा देवीच्या मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या उरतात. चैत्रोत्सवात खानदेशातील भाविक कित्येक दिवस पायी चालून येथे येतात. २०१८ पासून या पायऱ्यांना फ्युनिक्युलर ट्रॉलीची जोड मिळाली आहे. उतारावरील रुळांवरून एक डबा वर जातो, तेव्हा दुसरा खाली येतो. काही मिनिटांत मंदिर गाठता येते.

मागील खेपेस पहिल्या पायरीपाशी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी बसलेल्या दिसल्या. गुडघे सुजलेले. सून ट्रॉलीचे तिकीट काढण्यासाठी विनवीत होती.

“नको गं. बरोबरच्या बायका काय म्हणतील? देवीच्या दारी म्हातारी बसून गेली म्हणतील.”

सुनेने मागे बोट दाखवले. त्यातल्याच दोघी ट्रॉलीच्या रांगेत उभ्या राहून आजींना हाका मारीत होत्या.

दवाखान्यात हेच वाक्य निराळ्या वेषात भेटते. काठी घेतली तर लोक म्हातारा म्हणतील; श्रवणयंत्र लावले तर बहिरा म्हणतील. सांभाळ करणारेही यातून सुटत नाहीत. मदतनीस बाई ठेवली, तर आईला परक्या हाती सोपवले असे नातेवाईक म्हणतील, या धास्तीने कित्येक मुली आणि सुना रात्र-रात्र जागतात व स्वतः आजारी पडतात. त्या ‘लोकां’ची नावे विचारली, की बहुधा एकही नाव पुढे येत नाही.

या न उच्चारलेल्या अपेक्षांची किंमत शरीर मोजते. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. उतरताना त्याहून थोडा अधिक. झिजलेल्या गुडघ्याला काठीचा आधार हवाच. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हात सैल सोडून उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. छातीत दुखत असेल किंवा थोड्या चालण्यानेही धाप लागत असेल, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

याहून मोठी हानी मात्र हळूहळू होते. पायी जमत नाही आणि बसून जाणे कमीपणाचे वाटते, म्हणून माणूस प्रथम यात्रा सोडतो, मग लग्नकार्ये, मग कोपऱ्यावरचे देऊळही. पाय दुर्बल होतात आणि मन एकटे पडते.

ज्यांना झेपते त्यांनी पायऱ्या आनंदाने चढाव्यात. ज्यांना झेपत नाही त्यांनी, “लोक काय म्हणतील?” हा प्रश्न मनात आला की, “हे मला कोणी खरोखर म्हटले आहे काय?” असे स्वतःला विचारावे. घरच्यांनीही वडीलधाऱ्यांना तो मायेने विचारावा. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येते, आणि मग तिकीट काढणे सोपे होते.