प्रतिभा, अभ्यास आणि बोली

जव्हार-मोखाड्यातील एखादा वारली पदवीधर सर्जनशील लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवतो, तेव्हा दिवाळीनंतर वीटभट्टीकडे निघणारे त्याचे कुटुंब पोटाचा प्रश्न विचारते. तो रास्तच आहे. ‘प्रतिभा शिकवता येत नाही’ हा विद्वानांचा आक्षेप मात्र टिकत नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखन-कार्यशाळा सुरू केली. मम्मटाने तर अकराव्या शतकातच शक्ती, म्हणजे प्रतिभा, आणि निपुणता यांच्यासोबत काव्यज्ञांच्या मार्गदर्शनाखालील अभ्यासही काव्यहेतूत गणला होता. वारली लग्नात गाणारी धवलेरीही जुन्या धवलेरीच्या सुरात सूर मिसळूनच घडते. या पदवीधराने धास्ती बाळगावी ती निराळ्या गोष्टीची : प्रमाण मराठीच्या वर्गात त्याची बोली अशुद्ध ठरवून दुरुस्त केली जाण्याची. ते टाळण्याची जबाबदारी त्याची नव्हे, शिकवणाऱ्यांची आहे.